व्यायामशाळेच्या जाहिरातींतील सामान्य माणूस

जाहिरात ही वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरची वस्तु, म्हणून टीकाकार तिच्याकडे सहसा वळत नाहींत. परंतु कोणत्याहि ग्रंथाहून अधिक लोक जी रोज वाचतात, आणि वाचून विसरलों असें समजतात, तिची परीक्षा कोणी तरी केलीच पाहिजे. माणूस आपल्या देहाविषयीं काय समजतो हें पुष्कळदां तिनेंच ठरविलेलें असतें.

देहासंबंधीच्या जाहिरातींची जुनी रीत अशी, कीं गिऱ्हाइकास प्रथम लाजवावें आणि मग ती लाज झांकण्याचें साधन त्यास विकावें. अमेरिकेंत चार्ल्स ॲटलस याचा टपालानें शिकविला जाणारा व्यायामक्रम याच रीतीनें घरोघर पोंचला. ९७ पौंड वजनाच्या किडकिडीत तरुणाच्या तोंडावर समुद्रकांठीं एक धटिंगण वाळू उडवितो. तरुण व्यायाम करून परततो आणि त्यास ठोसा लगावतो, अशी ती चित्रकथा होती. तींत थोडा विनोद तरी होता. पुढें विनोद गेला आणि धाक राहिला. २०१५ सालीं मेद उतरविण्याचीं चूर्णें विकणाऱ्या प्रोटीन वर्ल्ड या कंपनीनें लंडनच्या भुयारी रेल्वेंत फलक लावले. त्यांवर पोहण्याच्या वेषांतील एक सडपातळ तरुणी उभी करून, समुद्रकांठीं जाण्याजोगा देह तुमचा तयार आहे काय, असा प्रश्न येणाऱ्याजाणाऱ्यांस विचारला होता. त्याविरुद्धच्या अर्जावर ७०,००० हून अधिक लोकांनीं सह्या केल्या. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तेथील मंडळानें त्या फलकास बेजबाबदार ठरविलें नाहीं. २०१६ सालीं मात्र लंडनचे महापौर सादिक खान यांनीं, देहाविषयीं लाज उपजविणाऱ्या जाहिराती शहराच्या वाहनव्यवस्थेंतून बंद करण्याचें जाहीर केलें.

त्याच २०१५ च्या जानेवारींत स्पोर्ट इंग्लंड या सार्वजनिक संस्थेनें ‘धिस गर्ल कॅन’ हा दीड मिनिटाचा जाहिरातपट दाखविला होता. १४ ते ४० वर्षें वयाच्या स्त्रियांत नियमित खेळणाऱ्यांची संख्या पुरुषांपेक्षां २० लाखांनीं कमी आहे, आणि लोक काय म्हणतील हें भय त्याचें एक मोठें कारण आहे, असें त्या संस्थेला आढळून आलें होतें. म्हणून किम गेहरिग या दिग्दर्शिकेनें नट्या किंवा मॉडेल न घेतां नित्याच्या आयुष्यांतील बायका घेतल्या. पडद्यावर त्या पोहतात, धांवतात, ठोसे मारतात, सायकल हांकतात. घाम निथळतो, तोंड लाल होतें, मांड्या आणि पोट हलतें, आणि कॅमेरा ना दृष्टि चुकवितो, ना टक लावून बसतो.

या कृतीचें मर्म, आमच्या मतें, तिच्या क्रियापदांत आहे. फलकावरील तरुणी कांहींच करीत नव्हती. ती केवळ दिसत होती. येथें प्रत्येक देह कांहीं तरी करीत आहे. ‘ही मुलगी करूं शकते’ असें नांव आहे. ही मुलगी सुंदर आहे, असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

स्थूलपणाचा असा गौरव केल्यानें आळस वाढेल व रोग बळावतील, असा आक्षेप घेण्यांत येतो. अतिस्थूलता आरोग्यास हितकर नाहीं हें खरें. पण धांवणाऱ्या स्थूल बाईचें चित्र पाहून कोणी धांवणें सोडील, हें पटत नाहीं. उलट व्यायामशाळेच्या दारावर सदैव घडविलेले देहच टांगले, तर जिला व्यायामाची गरज अधिक तीच दारांतून परतेल. दवाखान्यावर ‘औषध निरोग्यांनाच मिळेल’ अशी पाटी लावण्यासारखें तें आहे.

ही नवी भाषा खासगी व्यायामशाळांनींहि उचलली. २०१७ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या ब्लिंक फिटनेस या संस्थेनें आपल्याच सभासदांतून निरनिराळ्या बांध्याचे स्त्रीपुरुष निवडून त्यांना जाहिरातींत आणलें. हेतु स्तुत्य खरा. परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. स्पोर्ट इंग्लंडला कांहीं विकावयाचें नव्हतें. व्यायामशाळेला वर्गणी विकावयाची असते, आणि जानेवारी हा तर संकल्पांचा महिना. स्तेफानो देल्लाविन्या व उल्रिके माल्मेंदिएर या अर्थशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत अमेरिकेंतील ३ व्यायामशाळांचा हिशोब तपासला आहे. दरमहा ७० डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यांतून सरासरी ४.३ वेळांच येत. म्हणजे त्यांना एक खेप १७ डॉलरांहून अधिक दरानें पडे. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच १० डॉलरांत पडली असती. न येणाऱ्या सभासदाची वर्गणी मिळतेच, आणि यंत्रहि झिजत नाहीं! तेव्हां सामान्य माणसाचा चेहरा फलकावर असणें आणि त्याचें पाऊल आंत पडत राहणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलींत धंद्याचा लाभ उघड आहे. दुसरीची निकड त्याला तितकी असेलच असें नाहीं.

आणखी एक धोका आहे. पूर्वी देह घडविण्याची आज्ञा होती, आतां देहावर प्रेम करण्याची आहे. आणि दोन्ही आज्ञा माणसाला आरशापुढेंच उभें करितात. जिला आपलें पोट आवडत नाहीं तिच्या माथीं आतां, तें आवडत नाहीं हाच एक नवा अपराध येतो. व्यायामाचें सुख तर असें, कीं पोहतांना किंवा धांवतांना आपण कसे दिसतों याचा क्षणभर विसर पडावा.

म्हणून फलकावर कोण उभें आहे एवढें पाहून समाधान मानूं नये. तो माणूस काय करीत आहे हें पाहावें, आणि मग आंत जाऊन पाहावें. पहिल्यांदा आलेल्यास न हंसतां शिकविणारा कोणी तेथें आहे काय? जड देहास पेलेल असें आसन आहे काय? सभासद होणें जितकें सोपें, तितकेंच नांव काढून घेणेंहि सोपें आहे काय? जेथें हें असेल तेथें चित्र खरें मानावें. जेथें नसेल तेथें सामान्य माणसाचा चेहराहि, पूर्वीच्या सुंदर चेहऱ्याप्रमाणेंच, भाड्यानें आणलेला समजावा.