रिलीज शुक्रवार‘पर्यंत’ म्हणजे नक्की कधी?

आपल्याकडच्या डेटासेट-सॉफ्टवेअरच्या इंग्रजी घोषणांत ‘अव्हेलेबल टिल फ्रायडे’ दिसतं, तेव्हा मूळ मराठी ‘पर्यंत’मध्ये असतं. शुक्रवारपर्यंत काम होईल, शुक्रवारपर्यंत दुकान उघडं राहील, आपल्याला दोन्हीकडे तेच चालतं. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’. म्हणजे वाचणारा समजणार, शनिवारी लिंक बंद!

‘इन टू वीक्स’चं उलटं. रिलीजबाबत त्याचा सरळ अर्थ ‘दोन आठवड्यांनी’. आपल्या मनात मात्र ‘आठवड्यांत’, म्हणजे ‘विदिन’. इथे मराठीच जास्त काटेकोर आहे की! पण शाळेत ‘इन-ऑन-ॲट’चा तक्ता पाठ करून घेतात, हे प्रत्यय शेजारी ठेवून दाखवत नाहीत. तारीख पक्की असेल तर सरळ ‘ऑन’ लिहावं.