हातात काय आहे?

गणपतराव म्हात्रे यांचं ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प १८९६ चं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या विशीतल्या मुलाने ते घडवलं, आणि पुढे खुद्द रवींद्रनाथांनी त्यावर कौतुकाने लिहिलं. नऊवारी नेसलेली एक तरुणी पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघाली आहे. म्हात्र्यांची खरी करामत लुगड्याच्या चुण्यांत आहे. प्लास्टरसारख्या कोरड्या मालातून त्यांनी कापडाचा पोत, त्याखालच्या देहाचा तोल आणि चालीतला संथपणा जिवंत केला. मराठी बाईचं चालणं इतक्या मायेने क्वचितच कुणी पाहिलं असेल.

तरी माझी नजर तिच्या पावलांवरून हातांकडे वळते. या शिल्पाच्या तेरा वर्षं आधी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला केलेल्या भाषणात मुंबईतले दिवस सांगितले होते. पुस्तकं घेऊन शाळेला निघाल्या की लोक भोवती जमत, चांगल्या घरची माणसं ओसरीवर बसून वाटेल ते बोलत, खडे मारत. शहर तेच. हातात पूजेचं ताट असेल तर बाईचं चालणं सुंदर, पुस्तक असेल तर ते बेताल.

आपल्या कलेने चालणाऱ्या बायका पुष्कळ घडवल्या, रंगवल्या. पण हातात, डोक्यावर किंवा कडेवर काहीतरी दिल्याशिवाय त्यांना सहसा घराबाहेर सोडलं नाही. घागर, पाटी, मूल, काहीही चालेल. राजा रविवर्मा यांच्या शकुंतलेला तर नुसतं मागे वळून पाहण्यासाठीही पायात काटा रुतल्याचं सोंग करावं लागतं. चित्रकार धुरंधरांनी ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी प्रांतोप्रांतीच्या बायका चितारल्या. हात सराईत, नजर पक्की. पण त्या बायका आपापल्या जातीचा, पेहरावाचा नमुना म्हणून उभ्या आहेत. कुठे निघालात, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

हा प्रश्न विचारला रामकिंकर बैज यांनी. शांतिनिकेतनात १९५६ मध्ये त्यांनी केलेलं ‘मिल कॉल’ हे शिल्प सिमेंट आणि खडीचं आहे. खडबडीत, उघड्यावर ऊनपाऊस झेलणारं. गिरणीचा भोंगा झाला आहे. दोन संथाळ बायका झपाझप निघाल्या आहेत, मागून एक पोर धावतंय. ओलं लुगडं वाळत घालून थांबायला सवड कुठली? म्हणून ते वाऱ्यावर सोडून चालता चालताच वाळवणं चाललंय. दोघींच्या मागे ते शिडासारखं फुगलं आहे. मजुरीचे पैसे त्यांच्या स्वतःच्या हातात पडणार आहेत, आणि त्यासाठी पावलं मात्र भोंग्याच्या हुकमाने टाकायची आहेत. मोकळीक आणि ताबेदारी एकाच ढांगेत पकडणारं इतकं खरं शिल्प आपल्याकडे दुसरं नाही, असं मी मानतो.

पुढे सिनेमाने कमावत्या बाईचे पाय आणखी जवळून पाहिले. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये (१९६०) सुरुवातीलाच रस्त्यात नायिका नीताची चप्पल तुटते. तिच्या कमाईवर घर चालतं. स्वतःसाठी चप्पल घेणं तेवढं राहून जातं. शेवटी त्या रस्त्यावर नीता नसते. दुसरीच एक मुलगी जात असते आणि तिचीही चप्पल तुटते. ती किंचित हसते आणि पुढे चालू लागते. ते हसू मला बघवत नाही.

‘उंबरठा’ने (१९८२) निघणं दाखवलं. जब्बार पटेल यांनी स्मिता पाटीलच्या सुलभाला शेवटी रेल्वेत बसवलं, आणि आपला मराठी प्रेक्षक पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या बाईच्या बाजूने बसला. ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची बुलेटवर आली. तिचा तो रुबाब मला मनापासून आवडतो. पण वाहन रस्ता मागे टाकतं. रस्त्यावर रेंगाळायची मुभा अजून मिळायची होती.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉइटर?’ (२०११) या पुस्तकाने नेमकं हेच मांडलं: मुंबईतल्या बाईला रस्त्यावर आपण कामाला निघालो आहोत हे सतत दाखवत राहावं लागतं. खांद्यावरची पिशवी, कानाला लावलेला फोन हे त्याचे दाखले. म्हणजे म्हात्र्यांच्या तरुणीच्या हातातलं पूजेचं साहित्यच. वस्तू तेवढी बदलली.

म्हणून पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधला (२०२४) एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. छाया कदमने साकारलेली पार्वती रुग्णालयात स्वयंपाक करते. बिल्डर तिला राहत्या खोलीतून हुसकावतो आहे. रात्री ती आणि तिची मैत्रीण प्रभा त्या बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकासमोर थांबतात. दोघींच्या हातात दगड आहेत. ते देवाला वाहायचे नाहीत, घरीही न्यायचे नाहीत. त्या नेम धरतात आणि भिरकावतात.