भाड्याच्या जहाजाची कारकीर्द

6 डिसेंबर 1981, गोव्याहून प्रयाण. 9 जानेवारी 1982, अंटार्क्टिकावर पाऊल. 21 फेब्रुवारी, गोव्यात परत. 'पोलर सर्कल' या नॉर्वेच्या जहाजाच्या कारकिर्दीतल्या या तीन नोंदी मला फार आवडतात. भारताच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेत डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 भारतीय त्यावर होते. महासागर विकास विभाग स्थापन होऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि मोहीम गुप्त ठेवलेली होती. एकूण 77 दिवसांच्या प्रवासात बर्फावरचा मुक्काम दहाएक दिवसांचा. बाकी सगळा समुद्रच.

या कहाणीतला रस त्या समुद्रातच आहे. बर्फासाठी बांधलेल्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिरकी असते. ती बर्फाला धडक देऊन थांबत नाही, त्याच्यावर चढते आणि खालचा थर जहाजाच्या वजनानं मोडतो. खऱ्या आइसब्रेकरचा तळही गोलसर ठेवतात, म्हणजे चहूबाजूंनी बर्फ आवळायला लागला की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जातं. पण तिथवर पोचायला चाळीस ते साठ अक्षांशांमधला दक्षिण महासागर ओलांडावा लागतो. वारा अडवायला तिथे जमीन जवळजवळ नाहीच. त्यामुळे उसळणाऱ्या लाटांवर गोल तळाचं जहाज परातीतल्या लिंबासारखं डोलतं आणि मुरलेल्या खलाशांनाही बोट लागते. ज्या गुणासाठी असं जहाज निवडायचं, तोच वाटेत अंगावर येतो. जहाजबांधणीतली ही तडजोड मला एखाद्या उत्तम बंदिशीइतकी भावते, कारण तिच्यात काहीही फुकट मिळत नाही.

गोव्याहून दक्षिणेला जाणाऱ्या या जहाजांची वाट हिंदी महासागराच्या ज्या भागातून जाते, त्याच्याशी खानदेशाचं जुनं नातं आहे. मॉरिशस ज्यांत येतं त्या मास्करीन बेटांच्या परिसरात आपल्या उन्हाळ्यात हवेचा दाब वाढतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून मोसमी पाऊस घेऊन येतात. जळगावात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि धुळ्याचा कोरडवाहू शेतकरी कपाशीच्या पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा त्याचा पाऊस त्या दूरच्या पाण्यावर जमत असतो. म्हणून या प्रवासात घेतलेल्या वाऱ्या-पाण्याच्या नोंदी मला ध्वज रोवल्याच्या छायाचित्राहून मोलाच्या वाटतात.

'पोलर सर्कल'चं नॉर्वेतलं नाव 'पोलारसिर्केल'. आपल्याआधी 1976-77 आणि 1978-79 मध्ये ते नॉर्वेच्याच अंटार्क्टिक मोहिमांवर होतं. मग फिल्चनर हिमस्तराच्या पाहणीसाठी जर्मनांनी ते घेतलं, त्यानंतर आपण, आणि पुढच्या वर्षी व्ही. के. रैना यांच्या दुसऱ्या मोहिमेसाठी पुन्हा आपणच. (ब्रिटिश नौदलाचं 'एन्ड्युरन्स' झालेलं 'पोलर सर्कल' वेगळं, 1990 साली बांधलेलं. जाणकारही या दोघांत गल्लत करतात.) तिसऱ्या मोहिमेला फिनलंडचं 'फिनपोलारिस' आलं. त्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया.

मन अडतं ते जर्मनीच्या नोंदीपाशी. 'पोलारसिर्केल' भाड्यानं घेणाऱ्या त्या देशानं डिसेंबर 1982 मध्ये स्वतःचं 'पोलारस्टर्न' सेवेत आणलं. आपण 'दक्षिण गंगोत्री', 'मैत्री', 'भारती' अशी एकामागून एक केंद्रं उभी केली आणि जहाज मात्र भाड्याचंच ठेवलं. जानेवारी 2021 मध्ये चाळिसावी मोहीम गोव्याहून निघाली, तीही 'वासिली गोलोव्निन' या रशियन जहाजावर. पैशाचा हिशेब कदाचित बरोबर असेल, पण मला हे खटकतं. दुसऱ्याच्या जहाजाचं वेळापत्रक करारानं बांधलेलं असतं आणि वाटेत हवा तिथे थांबून समुद्र मोजायला सवड उरत नाही.

जून 2025 मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीनं नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी भारताच्या पहिल्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला. त्याचा आराखडा पाहायला मिळाला तर मी आधी तळाची गोलाई बघणार: बर्फासाठी ती किती ठेवली आणि महिनाभराच्या वाटेवर काम करणाऱ्या संशोधकांसाठी किती कमी केली.