संमिश्र अध्ययनातील अभ्यास कौशल्ये : एक चिकित्सा

प्रस्तावना :

'स्वयम्' या मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी ग्राह्य धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये दिली, तेव्हा त्यास एका सत्रातील २० टक्के अभ्यासक्रमांची मर्यादा होती. २०२१ च्या विनियमांनी ती ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. याचा अर्थ असा, की पदवीचा बराच मोठा भाग विद्यार्थी शिक्षक समोर नसताना पूर्ण करू शकतो. तो भाग त्याने अभ्यासावा कसा, हे त्याला कोण शिकविते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

प्रचलित मार्गदर्शनाचे स्वरूप :

ऑनलाइन अध्ययनाविषयी विद्यार्थ्यांना जे मार्गदर्शन केले जाते, त्यात वेळापत्रक आखावे, शांत जागा निवडावी, भ्रमणध्वनी दूर ठेवावा, मन एकाग्र करावे अशा सूचना असतात. ज्याचा वर्गच भ्रमणध्वनीत भरतो आणि ज्याच्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहतात, त्याला या सूचनांचा उपयोग किती, हे वेगळे सांगावयास नको. परंतु माझा आक्षेप याहून मूलभूत आहे. या सर्व सूचना अभ्यासास बसण्याविषयी आहेत. बसल्यानंतर काय करावयाचे, याविषयी त्या मौन पाळतात.

फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची वाचनपद्धती (आढावा, प्रश्न, वाचन, कथन व उजळणी) शिक्षणशास्त्राच्या वर्गांत शिकविली जाते. तिचा गाभा 'कथन' या चौथ्या पायरीत आहे. पुस्तक मिटून, वाचलेले स्वतःच्या शब्दांत स्वतःलाच सांगणे, असे तिचे स्वरूप आहे. आपल्याकडे मात्र या पाच पायऱ्या पाच गुणांच्या उत्तरासाठी पाठ केल्या जातात!

स्वपरीक्षण आणि त्याचे प्रमाण :

रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे लक्षात घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली असता पुन्हा वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के). एका आठवड्याने चित्र पालटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात ५६ टक्के भाग उरला, तर पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. पुनर्वाचनाने विषय परिचित वाटू लागतो आणि ही ओळख म्हणजेच आकलन, असा विद्यार्थ्याचा समज होतो. ध्वनिचित्रफीत पाहताना हा भ्रम अधिकच बळावतो, कारण तेथे पान उलटण्याचेही कष्ट नसतात.

झ्पुनार, खान व शॅक्टर यांचे २०१३ मधील संशोधन तर ऑनलाइन व्याख्यानाविषयीच आहे. सांख्यिकीच्या २१ मिनिटांच्या व्याख्यानाचे चार भाग करून प्रत्येक भागानंतर एका गटाची छोटी चाचणी घेण्यात आली. व्याख्यान चालू असताना अधूनमधून विचारले असता, या गटात मन भरकटल्याची कबुली १९ टक्के वेळा मिळाली. चाचण्या न दिलेल्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. चाचणी दिलेल्यांनी टिपणेही अधिक घेतली. तेव्हा एकाग्रता ही अभ्यासाची पूर्वअट मानून तिचा उपदेश करण्यापेक्षा, ती अभ्यासाच्या रीतीतून निर्माण होते असे मानणे अधिक युक्त ठरेल. हे प्रयोग अमेरिकी विद्यापीठांतील, लहान मजकुरावरचे आहेत, हे खरे. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यास ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि या विद्यार्थ्याला तर कथनाची गरज दुहेरी आहे. ऐकलेले मराठीत सांगता आले, तरच ते समजले की केवळ कानांवरून गेले, याचा निवाडा होतो.

हे पाठांतराचेच समर्थन नव्हे काय, असा आक्षेप काही सहकारी घेतात. पाठांतरात शब्द तेच राहावेत असा आग्रह असतो. येथे शब्द आपले असतात, आणि काय आठवत नाही हे कळणे, हीच मोठी प्राप्ती असते.

व्यवस्थेतील विसंगती :

'स्वयम्'च्या चतुष्पाद रचनेत ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य व चर्चामंच यांबरोबर स्वयंमूल्यमापनालाही स्थान आहे. दूरशिक्षणाच्या मराठी अध्ययनपुस्तकांतही 'स्वयं-अध्ययन प्रश्न' ही परंपरा जुनीच आहे. रचनाकारांना तत्त्व ठाऊक होते, यात शंका नाही. पण पुस्तकात उत्तरे त्याच घटकात छापलेली असतात, आणि ऑनलाइन चाचणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले की उत्तरे मित्रमंडळींच्या गटांतून आधीच फिरू लागतात. विद्यार्थ्याला यासाठी दोष देणे सोपे आहे. चुकण्याची शिक्षा गुणांत मोजली जात असेल, तर चुकून शिकण्याचा धोका तो का पत्करील?

म्हणून महाविद्यालयाच्या हाती असलेला प्रत्यक्ष तासिकांचा वेळ महत्त्वाचा ठरतो. ध्वनिचित्रफितीत सांगितलेलेच तेथे पुन्हा सांगण्याऐवजी, पहिली दहा मिनिटे कोऱ्या कागदावर गेल्या आठवड्याचा भाग लिहून घ्यावा. त्यास गुण नसावेत, नावही नसावे. कागद विद्यार्थ्याने स्वतःच मूळ मजकुराशी ताडून पाहावा, आणि जे बहुतेकांना आठवले नाही, त्यावर शिक्षकाने उरलेला तास खर्च करावा. यासाठी निधी लागत नाही, आंतरजालही लागत नाही. मात्र पाठ्यक्रम 'पूर्ण' झाल्याची नोंद काही दिवस लांबेल, आणि ती लांबलेली पाहण्याची तयारी विभागप्रमुखांना ठेवावी लागेल.