जुनी कॅसेट कोणाची?

१९९०च्या दशकात सातारा-सांगलीकडे शाळेत गेलेल्यांना जुन्या वस्तूंचे दोन बाजार आठवत असतील. पहिला जूनमधला. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाची पाठ्यपुस्तके निम्म्या किमतीत घ्यायची, त्यांना खाकी कव्हर घालायचे आणि वर्षअखेरीस ती पुढच्याला द्यायची. दुसरा सुट्टीतला. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी मुले आपसांत बदलत, किंवा दुकानात जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे देऊन दुसरी आणत. आम्हीही त्या गिऱ्हाइकांपैकीच. पहिल्या बाजाराला घरची मंडळी काटकसर म्हणत आणि दुसऱ्याला नाद. पण दोन्हींत काही गैर आहे असे कोणाला वाटत नव्हते.

खेळ तयार करणाऱ्या अनेक कंपन्यांना मात्र तसे वाटत होते. वापरलेला खेळ पुन्हा विकला जातो तेव्हा आमच्या पदरी काहीच पडत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे. उलट, पैसे मोजून घेतलेली वस्तू आमची, ती आम्ही विकू नाहीतर वाटू, असे खेळणाऱ्यांचे म्हणणे. हा वाद पोराटोरांचा म्हणून सोडून देता येणार नाही. शाळेत येणारे दृकश्राव्य धडे आणि प्रयोगांची चलच्चित्रे आता याच स्वरूपात येतात. म्हणून दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तपासून पाहू.

न झिजणारी वस्तू

कंपन्यांचा मुख्य मुद्दा असा. जुनी सायकल झिजलेली असते, म्हणून ती नव्या सायकलीची बरोबरी करू शकत नाही. खेळ मात्र झिजत नाही. दहाव्या मालकालाही तो पहिल्याइतकाच नवा मिळतो, त्यामुळे जुना माल थेट नव्या मालाच्या मुळावर येतो.

यातले विज्ञान बव्हंशी बरोबर आहे. गाण्याच्या कॅसेटमध्ये चुंबकीय फीत वाचकावर घासत जाते आणि दर वेळी थोडी झिजते. व्हिडिओ गेमची कॅसेट ही नावापुरतीच कॅसेट. तिच्यात फीत नसते, स्मृतीची चिप असते. माहिती चिपमध्ये कारखान्यातच कायमची कोरलेली असल्याने वाचल्याने ती कमी होत नाही. डिस्क वाचणारा लेझर किरणही तिला घासत नाही. अर्थात चिप, डिस्क या वस्तूच आहेत. डिस्कवर ओरखडे पडतात, कॅसेटच्या पट्ट्या गंजतात. काही कॅसेटींत खेळ कुठवर आला याची नोंद ठेवायला बटणाएवढी बॅटरी असे. ती संपली की नोंदी पुसल्या जात. थोडक्यात, माहिती झिजत नाही, तिला धरून ठेवणारी वस्तू झिजते.

पण एवढ्यावरून ‘म्हणून ती पुन्हा विकू नये’ हा निष्कर्ष कसा निघतो? पुस्तकातली माहितीही झिजत नाही. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे घरोघरी मांडलेली पुस्तके येणारा कोणीही वाचतो. एक प्रत शंभरांनी वाचली तरी शंभरावा वाचक अर्धीच गोष्ट वाचत नाही. यावरून वाचनालये बंद करावीत असे कोणी म्हणत नाही.

प्रती मोजून पाहा

आमच्या मते ‘वस्तू झिजते का?’ यापेक्षा ‘प्रतींची संख्या वाढते का?’ हा प्रश्न विचारायला हवा. मी तुम्हाला माझी कॅसेट दिली, तर माझ्याकडची एक कमी होते आणि तुमच्याकडे एक वाढते. एकूण संख्या तीच राहते. पदार्थविज्ञानातल्या अक्षय्यतेच्या नियमासारखाच हा हिशेब आहे. नक्कल केली तर मात्र एकाच्या दोन होतात, आणि त्या दुसऱ्या प्रतीचे पैसे निर्मात्याला कोणीच दिलेले नसतात.

खेळणाऱ्यांची बाजू येथे लंगडी पडते. आम्ही ज्या कॅसेटी बदलत होतो त्यांतल्या बहुतेक नकली होत्या, हे कबूल केले पाहिजे. वेष्टनावर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजकेच खेळ पुन:पुन्हा येत! पण निर्मात्याचे नुकसान आमच्या अदलाबदलीने झाले नाही. ते कॅसेट तयार झाली त्याच क्षणी झाले होते. दोन्ही गोष्टींना एकच नाव देऊन कंपन्या सरळ विक्रीला चोरी ठरवतात आणि काही खेळणारे चोरीला सरळ विक्री.

‘प्रत्येक जुनी विक्री म्हणजे एक बुडालेली नवी विक्री’ हेही गणित कच्चे आहे. समजा खेळ ४००० रुपयांना घेतला आणि पुढे २००० ला विकला. विकता येईल हे ठाऊक असल्यामुळेच अनेकजण ४००० मोजायला तयार होतात, आणि आलेले २००० कदाचित पुढच्या नव्या खेळात घालतात. उलट, जुना खेळ घेणाऱ्यांपैकी काहींनी नवा घेतलाही असता. परिणाम दोन्ही दिशांनी होतो. बेरीज कोणत्या बाजूला झुकते हे मोजूनच ठरवावे लागेल. घोषणेने ठरणार नाही.

कायद्याचा हिशेब

जपानमध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खेळ हा चित्रपटासारखा असल्याने विक्रीनंतरही वितरणाचा हक्क आमचाच, असे कंपन्या म्हणत होत्या. २५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने खेळाला चित्रपटासारखा मानले, पण पहिल्या विक्रीबरोबर तो हक्क संपतो असा निर्णय देऊन जुन्या खेळांच्या दुकानांना मोकळीक दिली.

आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७चा. १९९४च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीची प्रत विकण्याचा हक्क, ती आधी विकली गेलेली असली तरी, हक्कधारकाकडेच ठेवला होता. १९९९च्या दुरुस्तीत हे शब्द वगळले. चित्रपटांच्या बाबतीत ते २०१२ मध्ये गेले. व्यापारी भाडेपट्टीवर मात्र बंधन राहिले. त्यातही नफा न कमावणारी ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था यांनी रीतसर घेतलेली प्रत उसनी देणे हे व्यापारी भाडे नव्हे, असे २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. शिक्षकांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

खरी अडचण नेटवरून उतरवलेल्या फाइलीची आहे. कॅसेट हातातून हातात जाते. फाइल ‘जाते’ असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात पलीकडे नवी प्रत तयार होते आणि अलीकडची पुसावी लागते. ती पुसली की नाही, कोण पाहणार? म्हणूनच न्यायालयांची उत्तरे वेगवेगळी आली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये आपली प्रत निकामी करण्याच्या अटीवर वापरलेल्या आज्ञावलीची विक्री मान्य केली. अमेरिकेत २०१८ मध्ये अपील न्यायालयाने गाण्यांच्या फाइलींची अशी विक्री म्हणजे नवी प्रत काढणेच, असे ठरवले.

कुलूप कोणाच्या हाती?

कंपन्यांनी मात्र कायद्यापेक्षा सोपा उपाय शोधला आहे: कुलूप. २०१३च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’साठी जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधने जाहीर केली, ग्राहक खवळल्यावर १९ जूनला ती मागे घेतली. पण दिशा बदलली नाही. २०१४ मध्ये आलेल्या ‘द क्रू’ या खेळाचा सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला आणि डिस्क हातात असूनही खेळ संपला. निन्टेन्डोच्या २०२५च्या ‘स्विच २’ या यंत्रासाठी विकल्या जाणाऱ्या काही कार्डांत तर खेळ नसतोच. असते ती फक्त किल्ली. खेळ नेटवरून उतरवावा लागतो. कार्ड दुसऱ्याला विकता येते, पण पलीकडचा सर्व्हर चालू असेल तोवरच त्याला अर्थ.

आमचा खरा आक्षेप येथे आहे. ‘माल झिजत नाही, म्हणून तो जुना विकू नका’ असे आधी सांगायचे आणि मग तोच माल आपल्या सोयीच्या दिवशी निकामी करायचा, ही दोन्ही म्हणणी एकत्र टिकत नाहीत. वस्तू विकली असेल तर तिच्यावरचा ताबा सोडला पाहिजे; भाड्याने दिली असेल तर तसे सांगून भाडे आकारावे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा एवढेच मागतो: मिळतो तो केवळ परवाना आहे हे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका.

सांगली जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही धड्यांनी भरलेले टॅब पाहिले. परवान्याची मुदत संपल्याने त्यांतला एकही धडा उघडत नव्हता. शेजारच्या कपाटात जुना, शिवण उसवलेला नकाशासंग्रह होता. तो उघडत होता, आणि मुले तो पाहत होती.

म्हणून शाळेसाठी असे काही घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. हे नेटशिवाय चालेल का? आमचे वापरून झाल्यावर दुसऱ्या शाळेला देता येईल का? तुमची कंपनी बंद पडली तर ते उघडेल का? तिन्ही उत्तरे ‘नाही’ असतील तर आपण वस्तू विकत घेत नसून भाड्याने घेत आहोत, असे समजून किंमत करावी. हेच प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात वादासाठीही देऊन पाहावेत. मुलांकडे खेळांची उदाहरणे आपल्यापेक्षा जास्त असतात.