प्रसूतिसेवेतील ‘समाधान’ : एका मापनाची चिकित्सा

प्रसूतिसेवेची गुणवत्ता ठरविताना स्त्रियांचे समाधान प्रमाण मानण्याची पद्धत आता शासनमान्य झाली आहे. भारत सरकारने 2017 साली सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ या उपक्रमात रुग्णालयांना आर्थिक पारितोषिक देण्यासाठी ज्या अटी घालण्यात आल्या, त्यांत 80 टक्के लाभार्थी स्त्रिया समाधानी अथवा अतिसमाधानी असाव्यात, अशीही एक अट होती. ज्या उत्तरावर पैसा अवलंबून राहतो ते उत्तर नेमके कशाचे माप आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ पद्धतिशास्त्राचा राहत नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करावा लागतो. मिळालेल्या सेवेबाबत आपण समाधानी आहात काय, अशा धर्तीचा प्रश्न प्रश्नावलीत असतो. बाळंतपणाविषयी आपसांत बोलताना मराठी बायका मात्र हा शब्द क्वचितच योजतात. बाई ‘सुटली’, ‘मोकळी झाली’, तिची ‘नीट सुटका झाली’, अशी त्यांची भाषा. घरी निरोप जातो तोही ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ एवढाच. या सर्व प्रयोगांत एक संकट टळल्याची जाणीव आहे. अशा वेळी विचारलेल्या प्रश्नाला बाई जे उत्तर देते ते बहुधा सुटकेविषयीचे असते, सेवेविषयीचे नव्हे. बंदिवासातून होते तीही सुटकाच. दार उघडल्याच्या आनंदावरून आतील वागणुकीची परीक्षा कोणी करीत नाही.

हा दोष केवळ भाषांतराचा असता तर शब्द बदलून भागले असते. परंतु ज्यांची भाषा इंग्रजीच आहे अशा समाजातही तो आढळला आहे. मॉरीन पोर्टर व सॅली मॅकिंटायर यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे गर्भवतींच्या तपासणीविषयी काम केले आणि 1984 साली एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. जी व्यवस्था उपलब्ध आहे ती जाणत्यांनी विचारपूर्वकच आखली असणार, म्हणून तीच उत्तम असली पाहिजे, असे गृहीत धरण्याकडे स्त्रियांचा कल असतो. परिचित व्यवस्था त्यांना अपरिचित व्यवस्थेपेक्षा बरी वाटते, असे त्यांच्या निदर्शनास आले. त्यांचा विषय प्रसूतीपूर्व तपासणीपुरता होता, हे खरे. तथापि प्रसूतीच्या बाबतीत हा युक्तिवाद दुबळा न होता अधिकच बळावतो. कारण तेथे पर्याय पाहण्यास सवड नसते.

भारतात तर तुलनेचा आधारच निराळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005–06 मध्ये सुमारे 39 टक्के प्रसूती संस्थांत होत होत्या. 2019–21 मध्ये हे प्रमाण सुमारे 89 टक्के झाले. म्हणजे आज रुग्णालयात बाळंत होणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या आया घरीच, सुईणीच्या हाताखाली बाळंत झालेल्या आहेत. त्यांच्या मनातील तुलना एका रुग्णालयाची दुसऱ्याशी नसून रुग्णालयाची घरातील भयाशी असते. अशा तुलनेत रुग्णालय जिंकणारच, आणि ते जिंकावे हे योग्यही आहे. पण त्या विजयाला वागणुकीचे प्रमाणपत्र समजणे सर्वथा गैर होय.

मग समाधानाची मोजणी निरर्थक म्हणावी काय? तसे म्हणवत नाही. एलेन हॉडनेट यांनी 137 अहवालांचे परीक्षण करून 2002 साली काढलेला निष्कर्ष विचारार्ह आहे. बाईचे समाधान वेदना किती झाल्या यापेक्षा तिच्या अपेक्षा, तिला मिळालेला आधार, सेवा देणाऱ्यांशी जुळलेले नाते आणि निर्णयातील तिचा सहभाग यांवर अधिक अवलंबून असते, असे त्यांना दिसले. मापनी बोथट असूनही तिच्यातून इतके उमटते, हे मान्य केले पाहिजे. मात्र या चौघांपैकी पहिला घटक घातक आहे. जिची अपेक्षाच मार न बसण्याएवढी आहे, ती अल्पात समाधान मानते. जिची तेवढीही नाही, तिला तर चापटही उपचाराचाच भाग वाटते. मेगन बोरेन व सहकाऱ्यांनी 2015 साली 34 देशांतील 65 अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात शारीरिक मारहाण, अपशब्द, संमतीवाचून केलेली तपासणी यांची नोंद आहे. त्या नोंदी ‘समाधानी’ या एका शब्दाखाली सहज झाकल्या जातात. कोणी हात उगारला काय, तपासण्यापूर्वी सांगितले काय, सोबतीला आपले माणूस राहू दिले काय, असे घडलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारल्यास त्या उघड्या पडतात. पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 साली केलेली आहे.

राहता राहिला काळाचा मुद्दा. पेनी सिमकिन यांनी पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा ते वीस वर्षांनी वीस अमेरिकन स्त्रियांना पुन्हा गाठले व 1991 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. संख्या अगदीच अल्प. शिवाय त्या साऱ्या सिमकिन यांच्याच वर्गात शिकलेल्या. तरीही डॉक्टर-परिचारिकांचे शब्द त्यांना इतक्या वर्षांनंतर स्पष्ट आठवत होते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. बारसे उरकल्यावर, अंगाला तेल लावून घेताना, आईपाशी किंवा मावशीपाशी बाई जे सांगते, ते प्रश्नावलीतील तिच्या उत्तराशी जुळेलच असे नाही. पारितोषिकाच्या टक्केवारीत जमा होते ते प्रश्नावलीतील उत्तर.