लोक म्हणतात तो मी नव्हेच

उत्तर ध्रुवावर माकडे नसतात, एवढा भूगोल आम्हालाही येतो. तेव्हा एखाद्या बँडने 'आर्क्टिक मंकीज' असे नाव घेतले, की मंडळी मिस्कील आहेत एवढे ओळखावे आणि कान टवकारावेत. ही माकडे इंग्लंडातल्या शेफील्डची. शेफील्ड म्हणजे पोलादाचे, सुऱ्या-कात्र्यांचे गाव. तिथल्या पोरांची जीभ धारदार असली तर नवल नाही. 2002 साली टोळके जमले. सुरुवातीच्या गाण्यांच्या सीड्या त्यांनी कार्यक्रमाला येणाऱ्यांना चक्क फुकट वाटल्या. आणि 23 जानेवारी 2006 ला पहिला अल्बम आला, तेव्हा एका आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. (फुकट वाटण्यापर्यंत आमचे कवीही येतात. गाडी अडते ती पुढे.)

अल्बमचे नाव 'व्हॉटेव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आयम नॉट'. अत्र्यांच्या मराठीत सांगायचे तर, लोक म्हणतात तो मी नव्हेच! फरक इतकाच, की लखोबा लोखंडे नवनवी सोंगे काढी आणि ही पोरे एकही सोंग काढायला तयार नाहीत. हे वाक्य मुळात ॲलन सिलिटोच्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' या 1958 च्या कादंबरीतल्या कामगार नायकाचे. अल्बमभरही शनिवारची रात्रच चाललेली असते. क्लबाबाहेरची रांग, दारावरचा आडदांड रखवालदार, नाचणारी मुलगी, पोलिसांची गाडी, परतताना टॅक्सीत किती जण कोंबायचे यावरून हुज्जत! एवढ्याशा भांडवलावर 13 गाणी, चाळीसेक मिनिटे.

ॲलेक्स टर्नर हा गाणारा तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. पण याची नजर चाळीतल्या आजीबाईची. काही सुटत नाही. शिवाय तो गातो आपल्या गावच्या हेलात. 'मार्डी' हा तिकडचा शब्द, अर्थ फुरंगटलेली. रुसलेल्या मैत्रिणीवरचे 'मार्डी बम' ऐकताना कुठल्याही संसारी माणसाला गालातल्या गालात हसू येईल. (हसणे बायकोच्या नजरेस पडू देऊ नये.) 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को'मध्ये गावातच राहून अमेरिकन मिजास मारणाऱ्या बँडची जी हजामत केली आहे, तिला शेफील्डचाच वस्तरा हवा!

मॅट हेल्डर्सचा ड्रम म्हणजे वरात मांडवाच्या दाराशी आल्यावर ताशेवाल्याच्या अंगात यावे, तसा. तो थांबतो तेव्हा आपल्यालाच धाप लागलेली असते. मात्र खरे सांगायचे तर या दमछाकीत मधली दोन-तीन गाणी एकमेकांच्या चपला घालून आल्यासारखी वाटतात. आणि 'व्हेन द सन गोज डाउन'मध्ये रस्त्यावर उभी असलेली बाई आणि तिच्यापाशी येणारा तो ओंगळ पुरुष, यांतला पुरुष हुबेहूब उतरला आहे. बाईबद्दल नुसती हळहळ. विशीतल्या पोराला तेवढेच दिसले असेल, पण चुटपुट लागते.

ती चुटपुट शेवटच्या 'अ सर्टन रोमान्स'मध्ये पुष्कळशी फिटते. इथे टर्नर गावातल्या टवाळ पोरांवर घसरतो. त्यांचे कपडे, त्यांच्या मारामाऱ्या, मोबाइलच्या घंटीपलीकडे न जाणारी त्यांची संगीताची समज. पांढरपेशा श्रोता खूश होऊन मान डोलावू लागतो, आणि तेवढ्यात हा म्हणतो, यांतले काही माझे मित्र आहेत. मर्यादा तेही सोडतात, पण त्यांच्यावर तसे रागावता येत नाही बुवा. आपली मान अर्ध्यावरच थांबते. तोवर शब्द संपलेले असतात. मग बराच वेळ नुसत्या गिटारी वाजत राहतात, आणि या पोरांना पहिल्यांदाच कसली घाई नसते.